पदराआडच्या बाईचा पुतळा

— नाही नाही, भैयाजी, पेंढा नाही. पेंढ्याचा पुतळा सिंघईंच्या दुकानात मिळायचा नाही, तुम्ही समितीचे अध्यक्ष असा नाहीतर साक्षात कलेक्टर असा. अहो, पेंढ्यात जीव असतात! किडे, मुंग्या, कसकसल्या अळ्या — तुम्ही मालवीय चौकात एका नटाला जाळायला निघणार आणि त्याच्यासोबत शेकड्यानं निरपराध जीव जाणार, अन् ते पाप कुणाच्या माथी? या कोमलचंदच्या! आम्ही जैन माणसं. धंदा पुतळे जाळायचा असला म्हणून काय झालं — जाळायचा नाही, जाळायला पुरवायचा, फरक आहे — आम्ही आत फक्त रद्दी भरतो. शुद्ध वर्तमानपत्राची रद्दी. आणि खरं सांगू, पेंढ्यापेक्षा झकास पेटते. त्यातही निवडणुकीच्या दिवसांतली. ती तर काडी दाखवायच्या आधीच गरम असते. बसा ना, उभ्याउभ्या काय ऑर्डर द्यायची! ती खुर्ची नको, तिचा पाय मोडकाय, ती मी वसुलीला येणाऱ्यांसाठी ठेवलीय. इकडं या, पंख्याखाली. — घरात कुणी असेल तर दोन चहा पाठवावेत. — तुम्हाला नाही म्हणालो, पडद्याला म्हणालो. सूनबाई आत असते ना. मुलगा अंशुल गेलाय कटनीला फ्लेक्सचे रोल आणायला, त्याची आई तर त्याच्या लग्नाआधीच वारली, मग मधे बोलायला माणूस नसलं की मी पडद्याशी बोलतो. आमच्याकडं सासरा सुनेशी थेट बोलत नाही. चालीरीत आहे. तुमच्या घरीही असेलच की — मर्यादा रक्षा समितीचे अध्यक्ष तुम्ही!

तर पुतळ्याचं सांगत होतो. एक नको, दोन घ्या. मी जास्तीचा माल गळ्यात मारत नाहीये, अनुभवाचं सांगतोय. एक पुतळा पोलिसांसाठी. हो! तुम्ही चौकात घोषणा देत पोचलात की ठाणेदार येणार, त्याला वरून हुकूम असतो की पुतळा जळता कामा नये, तो ओढणार, तुमची पोरं इकडून ओढणार, एक हात त्याच्याकडं, एक पाय तुमच्याकडं, फोटोवाले खूष. पोलिसांची मोहीम फत्ते, ते धड घेऊन गाडीत बसले — की मागून, रसवंतीच्या गाड्याआडून, खरा पुतळा काढायचा आणि पेटवायचा. त्यांचीही नोकरी राहते, तुमचाही शब्द राहतो. जबलपूरचा हा जुना समझोता आहे. ठाणेदार नवा असेल तर मीच त्याला आदल्या दिवशी सांगून येतो की साहेब, तुमचा तो निळ्या सदऱ्याचा.

अहो, मी काय काय पाहिलंय या गादीवर बसून! एकदा काय झालं, वीज कामगारांच्या संघटनेला हवा होता त्यांच्या इंजिनिअरचा पुतळा आणि कुठल्याशा सेनेला हवा होता एका नटाचा, दोन्ही एकाच दिवशी. अंशुल तेव्हा नवा होता. दिली पोरानं अदलाबदल करून. मला दुपारी कळलं, म्हटलं आता दोन्हीकडचे येऊन मलाच पेटवणार. धावत चौकात गेलो तर काय! सेनावाले ‘मुर्दाबाद मुर्दाबाद’ करत त्या गरीब इंजिनिअरला जाळतायत, टक्कल, चष्मा, खिशाला पेन — आणि एकाच्याही लक्षात नाही! तिकडं वीजवाल्यांनी त्या देखण्या नटाला चपला मारून आग लावली आणि वर एकजण म्हणाला, साहेब हल्ली बारीक झालाय. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सगळे समाधानी. तेव्हा मला एक गोष्ट कळली, भैयाजी, की संताप आला की माणूस चेहरा बघत नाही. धंद्याचं अर्धं शिक्षण मला त्या दिवशी झालं.

बाकीचं अर्धं वडिलांनी दिलं. वडील चित्रपटांची पोस्टरं लावायचे, खळीची बादली आणि शिडी घेऊन. तेव्हा सरळ होतं. मुंबईत सेन्सॉर बसायचं, कात्री चालवायचं, एक शिक्का मारायचं, की झालं, चित्रपट आला, लोकांनी शिट्ट्या मारल्या नाहीतर खुर्च्या फोडल्या. आता? आता शिक्का मिळाला की खरी कात्री सुरू होते. प्रत्येकाच्या खिशात एकेक. निर्माता बिचारा सुरुवातीलाच पडद्यावर लिहितो — या कथेतली माणसं काल्पनिक, गाव काल्पनिक, घोडा काल्पनिक, घोड्याला इजा झालेली नाही, विडी ओढणं वाईट, दारू पिणं वाईट, आमचा कुणालाही दुखवायचा हेतू नाही — ते वाचता वाचता मध्यंतर होतं! तरी कुणाचं तरी दुखतंच. आणि दुखलं की माणूस कुठं येतो? फुहाऱ्याच्या, त्या मोठ्या कारंज्याच्या मागं, सिंघईंच्या दुकानात. मी काही बोलत नाही. स्वागताचा फलक लागला तर मी छापतो, निषेधाचा लागला तर मीच छापतो, एका चित्रपटाचे तर दोन्ही एकाच रोलवर छापले होते, शेजारी शेजारी, मधून कापून दिले. त्याच सुमाराला मुंबईहून त्या निर्मात्याकडचा तो चष्मेवाला पोरगा आला होता, नाही का — ‘शेठजी, शुक्रवारच्या आत आमचा थोडासा विरोध करवून द्या’ म्हणत! आणि मी त्याला कुणाच्या घराचा पत्ता दिला होता... जाऊ द्या. जुन्या गोष्टी. तुम्ही उगाच खोकू नका.

आला बघा चहा. — उंबऱ्यावर ठेवला तिनं, थांबा, मी उचलतो. साखर पुरेशी आहे ना? आलं नाही हं त्यात, आम्ही जमिनीखालचं काही खात नाही, वेलची आहे.

हां, आता बोला, पुतळा कुणाचा? त्या ‘छतवाली दुल्हन’च्या नटीचा ना? तिचा साचा तयारच आहे, गेल्या महिन्यात तुम्हीच तिचा पुतळा नेला होता. नवरीच्या वेशात गच्चीवर बसून जिलबी खाते — काय गहजब झाला होता त्या जिलबीवरून! लग्नाच्या दिवशी नवरी उपाशी असते, ती जिलबी खाते म्हणजे आपल्या लेकीसुनांचा अपमान. मी म्हटलं, खव्याची जिलबी असेल तर ब्रह्मदेवही खाईल. पण धंद्याच्या वेळी असं बोलत नाही मी. सेन्सॉरनं पास केला, कोर्टानं पास केला, तुम्ही चित्रपटगृहाच्या काचा पास केल्या नाहीत, मालकानं दोन खेळांत उतरवला. मग तो घरबसल्या बघायच्या त्या मोबाईलवर येणार होता, तर त्या कंपनीनं तुम्ही ओरडायच्या आधीच काढून टाकला! सुंठीवाचून खोकला गेला. मला मात्र त्याचा राग आला, माझे दोन पुतळे पडून राहिले.

काय? नटीचा नको? मग? — कुणाचा? — बिन्नूचा?

ती... ती मोबाईलवरची बिन्नू? ‘बिन्नूची बैठक’वाली? पाहिलंय म्हणजे, ऐकलंय. कोण पाहत नाही! आमच्याकडं घरातल्या लाडक्या पोरीला बिन्नू म्हणतात, तेच नाव घेतलंय बाईनं. हनुवटीपर्यंत पदर ओढून बसते, पापड लाटते आणि लाटता लाटता बोलते, आज अमुक चित्रपट, उद्या तमुक मालिका. तोंड कुणी पाहिलेलं नाही. बरोबर, तुमच्या समितीवरही बोलली ती. ती मिठाची गोष्ट. काय बरं होतं ते — की काही पुरुष ताटावर बसतात, भाजीचा घास घेत नाहीत, चव बघत नाहीत, आणि आधी हात पुढे करून म्हणतात मीठ आणा, भाजी अळणी आहे. तशी ही मर्यादा समिती, चित्रपट पाहिलेला नाही आणि भावना दुखल्यात. हॅ हॅ — नाही, मी हसत नाहीये. ठसका लागला. वेलची अडकली.

पण भैयाजी, मी व्यापारी माणूस, मला आधी मालाचं दिसतं. तिचा पुतळा करायचा कसा? चेहरा कुठून आणू? चेहरा नाही म्हणजे मी काय करणार — लुगडं नेसवणार, हनुवटीपर्यंत पदर ओढणार, हातात लाटणं देणार. डोळ्यांसमोर आणा. चौकात तुम्ही सगळे भगवे गमछे घालून उभे, मधे पदर घेतलेली एक बाई, आणि तुम्ही तिच्यावर रॉकेल ओतताय! उद्या पेपरात काय फोटो येईल? लोक म्हणतील मर्यादावाल्यांनी मर्यादाच जाळली. नाहीतर म्हणतील हुंड्याची केस आहे. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी मला विचारेल, का रे कोमल, माझ्या सुनेचा पुतळा का केलास? सगळ्या जबलपुरातल्या सुना तशाच दिसतात! तुमच्या स्वतःच्या घरच्या वहिनी रविवारी मंदिरात जाताना — राग मानू नका, पण अगदी तश्शाच. हात दाखवून अवलक्षण कशाला? त्यापेक्षा मी म्हणतो नटीलाच जाळा. तयार आहे. दुसरा फुकट देतो.

चेहरा मिळवणार? कसा मिळवणार? — अर्ज केलाय, तिचा नाव-पत्ता मिळावा म्हणून. बरं. भोपाळला ओळख आहे. बरं. आणि तिचा तो व्हिडिओ तर तुम्ही काढायला लावलाच, नाही का. तक्रारी केल्या, एका दमात हजारभर, एकच मजकूर, स्पेलिंगच्या चुकांसकट, आणि वरून नियम असा की बसलेत तिथं जे कुणी, त्यांनी आधी काढायचं मग विचार करायचा. काढला. आणि मग तोच व्हिडिओ शंभर जणांनी पुन्हा चढवला. भैयाजी, तुम्हाला एक सांगू, मी पंचवीस वर्षं पोस्टरं विकलीत, फाडलेल्या पोस्टरसमोर जेवढे लोक उभे राहतात ना, तेवढे धड पोस्टरसमोर राहत नाहीत. तुम्ही तिला फाडलंत.

आणि नाव-पत्ता कळला की? — चौकात आणणार. कॅमेऱ्यासमोर. सगळ्यांदेखत... पदर वर करायला लावून माफी मागायला लावणार.

हं.

नाही, विचार करतोय. समिती मर्यादेची आणि पदर वर करायला लावणार — नाही, तुमचं तुम्ही ठरवलं असेल. मी मागं पाहिलं होतं ना त्या पोराचं, मोबाईलवर कसलीशी थट्टा केली होती त्यानं. कान धरून उभा केला होता. माफी मागताना त्याची विजार थरथरत होती. ती थट्टा पन्नास जणांनी पाहिली असेल. माफी सगळ्या मुलखानं पाहिली. त्याच्या बापानं घर विकलं म्हणे, नागपूरकडं गेले. ते चांगलं नाही झालं. पोरगंच होतं.

मी कुठं तिची बाजू घेतोय! माझा काय संबंध? तुम्ही म्हणता ती पैसे घेऊन बोलते, घेत असेल. तुम्ही म्हणता परदेशातून पैसा येतो, येत असेल बुवा, पापड लाटायला डॉलर लागत असतील. डाव्या विचारांची? असेल. दिल्लीच्या कॉलेजात शिकलेली? असू द्या. नास्तिक? बरं, नास्तिक. देशाची शत्रू — ठीक आहे, लिहून घेतो, पाटीवर घालू, अक्षरं केवढी हवीत? लाल की काळी? मी आपला तुमच्या हो ला हो. काय म्हणालात? पदर नाटकी आहे, कॅमेरा बंद झाला की — काय? — रात्री बारा वाजता कोंबडी तोडत असेल?

तोंड सांभाळा हं, भैयाजी! कोंबडी? ती? अहो दिवेलागण झाल्यावर पाण्याचा घोट घेत नाही ती पोर! मागच्या पर्युषणात दहा दिवस उकळलेल्या पाण्यावर राहिली, दहा दिवस, आठव्या दिवशी जिन्यात भिंतीला धरून उभी राहिली होती, पण स्वयंपाकघरातलं एक काम चुकवलं नाही! कांदा कसा चिरतात ते तिला ठाऊक नाही, आणि तुम्ही खुशाल —

...चहा गार झाला वाटतं तुमचा. दुसरा सांगू?

नाही, म्हणजे, ऐकीव. कुणीतरी म्हणत होतं. कोण ते आठवत नाही. ती म्हणजे — ती. एक आपली बाई. जनरल. जैनांत सगळ्याच बायका तशा असतात, म्हणून म्हटलं, समजा ती जैन असेल तर... तुम्ही त्या पडद्याकडं काय बघताय? पडदा आहे तो. मागं भांडी आहेत.

गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. इतकी वर्षं या जिभेवर धंदा केला, तिनं आज मालकालाच विकलं. आणि कशावरून? तुम्ही तिला देशाची शत्रू म्हणालात तेव्हा मी अक्षरांचा रंग विचारला. आणि कोंबडी म्हणालात तर उसळलो! माणूस किती विचित्र असतो बघा. देशद्रोह चालेल, पण रात्रीचं जेवण? आमच्या घरात?

बसा. बसा म्हणतो ना. आता कळलंच आहे तर नीट ऐकून तरी जा. मला कुठं कळलं माहीत आहे? त्या न्हाव्याकडं, कमानीजवळच्या. तोंडाला साबण लावलेला, आणि त्यानं मोबाईल आरशाला टेकवून ठेवलेला, बिन्नू चालू. सगळं दुकान हसतंय. ती मिठाची गोष्ट सांगत होती. मी इतका हसलो, इतका हसलो की त्यानं वस्तरा वर उचलून धरला, म्हणाला शेठजी, गळा कापला जाईल. आणि हसता हसता, भैयाजी, मला आपलं वाटलं — की असा माणूस मी कुठं तरी पाहिलाय, न चाखता मीठ मागणारा. कुठं पाहिलाय? आणि समोर आरसा! मी! मीच रोज बसल्याबसल्या मीठ मागतो, हात असा पुढं करून, घास घ्यायच्या आधी! मग मी त्या मोबाईलमधल्या हातांकडं पाहिलं. उजव्या हाताची करंगळी वाकडी, लाटण्यावर न टेकता वेगळीच उभी राहते. अहो, सहा वर्षं तो हात दाराआडून येऊन माझ्या ताटात पोळी वाढतोय! मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. लग्नात एवढा हार, एवढा पदर. त्यानंतर तर कधीच नाही. आवाज — तो नळाच्या आवाजामागून येतो तेवढा. पण तो हात मी हजारात ओळखेन. साबण तोंडावर सुकून गेला, भैयाजी. न्हावी म्हणतो, शेठजी, तब्येत बरी आहे ना?

मी काय करणार होतो? रागवायला हवं होतं. सासरा आहे मी. संध्याकाळी ताटावर बसलो, मनात सगळं जुळवून, आज सांगतोच. पोळी आली, भाजी आली. आणि मी आपला आधी घास घेतला. चव बघितली. म्हटलं — दाराला म्हटलं — मीठ बरोबर आहे. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. बस्स, एवढंच. ती समजली, मी समजलो. त्यानंतर मी अधूनमधून दाराला म्हणतो, कुणाचा नेटचा पॅक संपत आला असेल तर अंशुलला सांगावं. एकदा म्हटलं, पापड लाटताना मागं पंख्याचा खडखडाट फार येतो, पंख्याला तेल घालून घ्यावं. घातलं. आवाज केवढा साफ झाला, पाहिलंत का तुम्ही?

नाही पाहिलंत. बरोबर. तुम्ही कशाला पाहाल.

तो फोन कुणाला लावताय? खाली ठेवा. भैयाजी, ऐका. मी तुम्हाला त्या चष्मेवाल्या पोराची आठवण करून देऊन धमकावू शकतो, पण मी ते करत नाही. आपले संबंध जुने आहेत, आणि कुणाचं गिऱ्हाईक कोण हे ज्याचं त्यानं पोटात ठेवायचं असतं. मी मागतोय. दमोहला तिचं माहेर आहे, धाकट्या बहिणीचं जमत आलंय. ही पोर चौकात उभी केलीत, तिच्या डोक्यावरून तुमच्या त्या पोरांनी हात लावून पदर ओढला — मी सहा वर्षं नजर वर केली नाही तिच्यापुढं, आणि तुमची ती गुटखा खाणारी पोरं... तुम्हाला पुतळा हवाय ना? माझा घ्या. हो, माझा! गंमत नाही करत. माझा फोटो आहे, मेळाव्यातला, टोपी घातलेला, मोठा करून छापतो. पोट मी स्वतः भरतो, रद्दी भरपूर लागेल पण आहे माझ्याकडं. पाटीवर घाला — ‘बिन्नूचा कर्ताकरविता’. सांगा लोकांना की हा म्हातारा लिहून देतो, ती बोलते. माफी मी मागतो. कान धरून मागतो, विजारही थरथरवून दाखवतो, हवी तेवढी. दोन पुतळे देतो, पोलिसांचाही माझ्याकडून. जाळा, चपला मारा, आणि संपवा. काय? म्हाताऱ्याला कोण बघणार? — असं कसं, मी चांगला जळेन हो! गावात मला सगळे ओळखतात, अर्ध्यांची माझ्यावर खुन्नस आहे, गर्दी जमेल —

काय झालं? मागं काय बघताय?

अगं... अगं अगं, बाहेर कुठं — भैयाजी बसलेत, परका माणूस — पदर कुठंय तुझा?

...

हे... भैयाजी, ही — ही आमची सून. समता. मी... मीही आत्ताच बघतोय. तुमच्याच बरोबर. नाकात चमकी आहे, मला ठाऊक नव्हतं. आणि कपाळावर केवढ्या आठ्या आहेत बघा, अगदी आमच्या आईसारखी दिसते चिडल्यावर. म्हणजे सहा वर्षं घरात आई फिरत होती आणि मी पडद्याशी बोलत होतो!

बेटा, तो मोबाईल असा का धरलायस? ...चालू आहे? म्हणजे थेट? लोक आत्ता बघतायत? असं, उघड्या तोंडानं? — किती लोक? — अरे देवा. भैयाजी, केस नीट करू नका, दिसतंय सगळं. माझी बनियन दिसतेय का गं? दिसू दे.

काय म्हणतेस? मोठ्यानं बोल, बेटा. दाराआडून नाही बोलत आहेस तू आता. — हां. हां, सांगतो. — भैयाजी, ती म्हणतेय की चेहरा हवा होता ना, हा घ्या, भोपाळचा खर्च वाचला. छापायचा तर नीट छापा, नाक बिघडवू नका. — आणि? — आणि म्हणतेय, एकच विचारायचंय. त्या चित्रपटातल्या कुठल्या प्रसंगानं तुमचं दुखलं, तेवढं या मोबाईलकडं बघून सांगा. जिलबी सोडून. जिलबी तर जाहिरातीतच होती, ती सगळ्यांनी पाहिलीय. ती म्हणते, नवरीनं जिलबी खाल्ल्यावर पुढं काय केलं, ते सांगा. तेवढं सांगितलंत की ती इथंच, पदर न घेता, माफी मागायला तयार आहे.

काय केलं हो पुढं? मलाही ठाऊक नाही.

इकडं बघू नका, माझ्याकडं काय आहे! मोबाईलकडं बघा. लोक वाट बघतायत. मघापासून मीच आपली टकळी चालवलीय, तुम्हाला बोलूच दिलं नाही, चुकलंच माझं. हा बघा, तोंडावर हात ठेवला. मी गप्प. आता बोला.